गणपतीसमोरचा खांब

गणपुले काकांच्या पायजम्याला दोन नाड्या असत. हे मला कसं ठाऊक, असा प्रश्न ज्यांच्या मनात आला त्यांनी आधी स्वतःचे कान धरावेत. आमची गच्ची सामायिक, दोऱ्या शेजारीशेजारी, आणि वाळत घातलेल्या त्या पायजम्यांच्या नेफ्यातून चार टोकं लोंबत असायची. एकदा न राहवून मी कुमुदकाकूंना विचारलंच. तोंडातला चिमटा न काढता त्या म्हणाल्या, "एक तुटली तर?"

काकूंना ही भाषा लग्नात मिळाली होती. काकांचा मूळ मंत्र "एक गेला तर?" असा होता आणि तो ते कशालाही लावत. खिशाला दोन पेनं. दाराला दोन कुलपं, त्यांच्या जादा किल्ल्या दोन वेगळ्या शेजाऱ्यांकडे. गावी सांगलीला जायचं तर दोन वेगळ्या गाड्यांचं आरक्षण. स्वतःच्या लग्नाला म्हणे त्यांनी दोन भटजी सांगून ठेवले होते. नेमके दोघंही आले, दोघांनी एकमेकांचे उच्चार सुधारले आणि त्यात मुहूर्त टळून गेला. "म्हणून तर संसार टिकला," काकू म्हणत. "मुहूर्तावर लागलेली लग्नं बघतेच आहे मी."

"मग काका, बायको एकच कशी केलीत हो?" मी एकदा विचारलं. तेव्हा मी पस्तिशीत होते आणि स्वतःला फार हजरजबाबी समजत असे.

काका विनोद ऐकून घेत, पण त्याला हिशेबाचं उत्तर देत. म्हणाले, "काही खांब असे असतात वसुधा, की ते जाऊन चालतच नाही. त्यांना पर्याय ठेवता येत नाही. मग तेच दुप्पट मजबूत करावे लागतात."

"ऐकलंस ना?" काकू आतून म्हणाल्या. "म्हणून मला दुप्पट काम."

हे सगळं लखनौचं. नव्वदीच्या दशकात बँकांनी आणि सरकारी कंपन्यांनी बदल्या करकरून आम्हां काही मराठी कुटुंबांना तिथे नेऊन टाकलं आणि मग विसरून गेल्या. तेव्हा आम्ही विकास नगरात मिळून एक सोसायटी काढली. नाव ठेवलं 'सह्याद्री'. जमीन इतकी सपाट की पावसाचं पाणीसुद्धा कुठे जावं या विचारात आठवडाभर थांबून राही. पण तळमजला आणि वर तीन मजले झाल्यावर आम्हाला खरोखरच कडा चढून आल्यासारखं वाटायचं, कारण लिफ्ट नव्हती.

इमारतीचा हिशेब गणपुले काकांचा. ते सैन्याच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले स्ट्रक्चरल इंजिनियर. उंच, काटकुळे, कानांवर केस, थंडी पडली की माकडटोपी आणि त्या टोपीवर मफलर. (टोपी उडाली तर?) सोसायटीचे सभासद म्हणून त्यांनी नकाशा फुकट करून दिला, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीचं आपण जे करतो तेच आम्ही त्याचं केलं.

बांधकाम चालू असताना काका रोज छत्री घेऊन सळयांच्या जाळीवर बसत. कंत्राटदार तिवारीजी कपाळावर हात मारून घेत. "भाभीजी," मला म्हणत, "हमने बहुत इंजीनियर देखे. गणपुले साहब पहले हैं जो हर सरिये को दूसरे सरिये के गले मिलवाते हैं. ईद है कि मकान है?"

काकांचा हट्ट एकाच गोष्टीचा होता. तुळईतली खालची सळई खांबाशी तोडायची नाही. ती खांबाच्या पोटातून आरपार पलीकडच्या तुळईत गेली पाहिजे, आणि जिथे दोन सळया जोडायच्या तिथे त्या एकमेकींवर हातभर चढल्या पाहिजेत.

मला समजावून सांगताना त्यांनी आपला चेहराच वापरला. "तुळई दोन खांबांच्या मधे लवते. म्हणजे हसते. हसताना ताण खालच्या बाजूला, म्हणून तिथे सळई खाली. खांबाच्या डोक्यावर ती उलटी वाकते. म्हणजे आठ्या घालते. तिथे ताण वर, म्हणून सळई वर. इथपर्यंत तिवारीलाही कळतं. तो म्हणतो, मग खांबावर खालची सळई कशाला? तिथे तिला काम काय?"

"काय काम?" मी विचारलं. खरं तर मला भाजी टाकायची होती.

"रोज काहीच नाही. पण खांब गेला की जिथे ती आठ्या घालत होती तिथेच तिला हसावं लागतं. ज्या बाजूनं ताण कधीच नव्हता त्या बाजूनं येतो. तेव्हा खाली सळई नसली तर तुळई मोडते, मग तिच्या वरची, मग शेजारची. एकाच्या मागे एक."

"पण काका, खांब कशाला जाईल? तो काय बदलीवर आहे?"

या विनोदावर मी स्वतः पुष्कळ हसले होते. काका हसले नाहीत. त्याचं कारण नंतर काकूंकडून कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कुठल्याशा छावणीत काकांनी एक गोदाम पाहिलं होतं. त्यांनी बांधलेलं नव्हतं, फक्त शेजारून जात होते. मागे घेताना एक ट्रक कोपऱ्यातल्या खांबावर आदळला. खांब मोडला ते एक वेळ ठीक, पण पाठोपाठ त्याच्या वरचं, त्याच्या शेजारचं, आणि शेवटी पार दुसऱ्या टोकाचं छप्पर आलं. त्या दुसऱ्या टोकाला माणसं डबा खात बसली होती. त्यांना ट्रक आल्याचंही माहीत नव्हतं. "तेव्हापासून हे असे आहेत," काकू म्हणाल्या. "आधीही असेच होते, पण तेव्हा नाडी एक होती."

काका स्वतः त्याबद्दल एवढंच बोलत: "खांब पडणं हा अपघात. इमारत पडणं हा आपला निष्काळजीपणा. मोडलं ते जिथे मोडलं तिथेच थांबलं पाहिजे, आणि एक वाट बंद झाली की भारानं दुसरी वाट धरली पाहिजे."

आता आमच्या हॉलबद्दल. तळमजल्याच्या अर्ध्या भागात स्कूटर आणि अर्ध्या भागात हॉल. बारसं, हळदीकुंकू, सोसायटीची भांडणं आणि गणपती, सगळं तिथेच. त्या हॉलच्या बरोब्बर मधे एक खांब होता. गणपती कुठेही बसवा, कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांसमोर खांब. दरवर्षीच्या फोटोत गणपतीला एकच कान. खांबामागची जागा नेहमी रिकामी, आणि तिथे काका नेमानं जाऊन बसत. "दर्शन होतं का हो?" कोणी विचारलं तर म्हणत, "ज्याच्या जिवावर सगळे बसलेत त्याचं होतं."

खांबाचा सर्वांत मोठा उपद्रव मात्र मला होता. मी सोसायटीची सांस्कृतिक चिटणीस! त्या वर्षी गणेशोत्सवात मंगळागौरीचे खेळ बसवायचे मी ठरवलं होतं. बख्शी का तालाबच्या हवाई दलातली मराठी मंडळी येणार, तेलीबागेतली फौजी कुटुंबं येणार, आणि माझी प्रतिभा पाहून सगळे थक्क होणार. माझ्या आणि थक्क होण्याच्या मधे एकच गोष्ट उभी होती. फुगडीचा वेग वाढला की जोडी भिरभिरत जाऊन खांबावर आदळे. मला स्वतःला टेंगूळ आलं. ते कपाळावर मिरवत मी सोसायटीच्या बैठकीत असं काही भाषण केलं की ऐकणाऱ्याला वाटावं, मराठी संस्कृतीवर लखनौत हल्ला झाला आहे आणि हल्लेखोर सिमेंटचा आहे.

सेक्रेटरी बर्वे बँकेत अधिकारी होते. तडफदार माणूस. तडफदार म्हणजे ज्याला एखादी गोष्ट का करू नये हे ऐकायला वेळ नसतो असा. "काकांना विचारलं तर नाहीच म्हणणार यार," ते म्हणाले. "सरप्राइज देऊ."

श्रावणात काका-काकू सांगलीला गेले. काकांच्या थोरल्या भावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. (डॉक्टर एका वेळी एकाच डोळ्याला हात लावतात, हे ऐकून काकांचा त्या डॉक्टरांबद्दलचा आदर फार वाढला होता.) ते गेले आणि बर्व्यांनी तिवारीजींना बोलावलं.

तिवारीजी खांबाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "निकल जाएगा साहब. जैसे मक्खन से बाल."

"कुछ होगा तो नहीं?" बर्व्यांनी विचारलं. अगदीच बेजबाबदार नव्हते ते.

"अरे साहब, गणपुले साहब ने इतना सरिया डलवाया है कि आप नीचे से पूरी बिल्डिंग निकाल लीजिए, छत हवा में खड़ी रहेगी."

म्हणजे खांब काढायला काकांचंच प्रमाणपत्र! लाकडी बल्ल्यांचे टेकू लावले, खांब फोडला, वर गिलावा केला, रंग दिला. मग टेकू काढताना आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहिलो. काहीही झालं नाही. कुठून तरी एक करकर ऐकू आली आणि थांबली. बर्व्यांनी हात वर करून "गणपती बाप्पा" म्हटलं, आम्ही "मोरया" म्हटलं, आणि मी हॉलमधे जाऊन मोकळ्या जागेत अशी काही गिरकी घेतली की आत्ताच्या माझ्या गुडघ्यांना ती नुसती आठवली तरी कळ येते.

चार दिवसांत चमत्कार सुरू झाला.

बर्व्यांचं घर हॉलच्या वर, पहिल्या मजल्यावर. खालचा खांब गेला तरी त्याच्यावरचा खांब त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जागच्या जागी होताच. बर्व्यांच्या आई, म्हणजे बर्वे आजी, पोळ्या करून उठल्या. लाटणं हातातून निसटून जमिनीवर पडलं आणि आपणहून घरंगळत त्या कोपऱ्याशी जाऊन थांबलं. आजींनी उचलून दाराशी ठेवलं. पुन्हा तिकडेच. फ्रिजपाशी ठेवलं. पुन्हा तिकडेच! त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली आम्ही या वर्षीच्या गणपतीचं मखर बांधायला घेतलं होतं. आजींनी लाटण्याला हळदकुंकू वाहिलं.

बातमी दुपारपर्यंत गच्चीवर, संध्याकाळपर्यंत तेलीबागेत. स्वयंपाकघरात दर्शनाला बायका दाटल्या. मीही गेले. लाटणं घरंगळताना पाहून माझ्या अंगावर काटा आला, आणि पाटावर बसून मी एक आरती म्हटली, सुरात आहे असं समजून. शेजारचे श्रीवास्तवजी मोजे काढून आले आणि अदबीनं हात जोडून म्हणाले, "बेलन साहब की जय."

आणि त्याच संध्याकाळी काका-काकू परतले.

मी तेव्हा खाली हॉलमधे फुगडीच्या दोन जोड्या फिरवत होते. काका दोन हातांत दोन पिशव्या घेऊन दारात थांबले. पिशव्या खाली ठेवल्या. मला वाटलं होतं ते खांबाच्या रिकाम्या जागेकडे बघतील, पण त्यांनी फक्त वर, छताकडे बघितलं.

"थांबा," ते म्हणाले. फुगडी थांबली. "वर कोण आहे?"

"वर? बर्वे आजी."

"आणि?"

"आणि... दर्शनाला आलेल्या बायका."

मी त्या माणसाला धावताना त्या एकाच वेळी पाहिलं. ते बुटांसकट बर्व्यांच्या स्वयंपाकघरात घुसले, लाटणं उचललं आणि दाराशी टेकवलं. ते कोपऱ्याकडे निघालं. "मोरया!" बायका म्हणाल्या. काकांनी ते खिडकीकडून सोडलं. ते कोपऱ्याकडेच गेलं. "मोरया!" आणखी जोरात. काकांचा चेहरा असा झाला होता की दोघी-तिघींना वाटलं यांच्या अंगात येतंय.

"बाहेर," काका अगदी हळू आवाजात म्हणाले. "एकेक करून. भिंतीकडेनं. कोणी पळायचं नाही आणि कोणी मोरया म्हणायचं नाही."

आजी कमरेवर हात ठेवून उभ्या. "गणपुले, देवाचं आहे हो हे."

"चमत्कार आहेच आजी, पण देवाचा नाही. सळयांचा." काकांनी कोपऱ्यातल्या खांबावर हात ठेवला. "हा खांब आता उभा नाही, लटकलाय. याचे पाय तोडलेत तुमच्या चिरंजीवांनी. वरच्या सगळ्या मजल्यांच्या तुळया मिळून याला बखोटीला धरून उभ्या आहेत. याच्याभोवती जमीन लवली आहे, म्हणून लाटणं इकडे येतं."

बैठक लगेच भरली, रस्त्यावर, कारण काका कोणालाही हॉलमधे बसू देईनात. त्यांची मागणी सरळ होती: आत्ता टेकू लावा, वरच्या लोकांना हलवा, खांब परत बांधा, आणि तोपर्यंत हॉलमधे गणपती नाही.

बर्वे शांत होते. तडफदार माणूस शांत होतो तेव्हा त्याला ऐकायचं काही उरलेलं नसतं. "काका, एकच प्रश्न. इमारत पडली का?"

"नाही."

"भेग?"

"गिलावा नवा आहे. खाली दिसणार नाही."

"म्हणजे पडली नाही आणि भेगही नाही. मग खांबाची गरज नव्हती हे सिद्ध झालं ना? अब इसमें बुरा क्या मानना?"

लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझी मान तेव्हा मोठी लवचिक होती. काकांनी एकदा वर, बर्व्यांच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बर्वे, मी ती पडू नये म्हणून बांधली. तुम्हाला ती पडली नाही म्हणून मी खोटा वाटतो. कच्ची बांधली असती तर आज तुम्ही माझं ऐकलं असतं. म्हणजे, उरला असतात तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. कपड्यांची दोरी तीन बांबूंवर बांधली होती: दोन टोकांना, एक मधे. दोरीवर काकूंची ओली नऊवारी. काकांनी मधला बांबू काढून घेतला. दोरी खाली झोळीसारखी लवली, पण लुगडं जमिनीला टेकलं नाही.

"अखंड दोरी," काका म्हणाले. "मधे गाठ मारून संपवली असती तर लुगडं चिखलात गेलं असतं. खालची आरपार सळई म्हणजे ही दोरी."

"वाह," बर्वे म्हणाले. "म्हणजे नाही पडत. आम्ही तेच म्हणतोय."

"आता हे घाला." काकांनी एक ओली चादर पुढे केली. बर्व्यांनी ती स्वतःच दोरीवर टाकली. दोरी तुटली नाही. पण टोकाचे दोन्ही बांबू करकरत आतल्या बाजूला झुकले, आणि एका बांबूनं बर्व्यांच्या चष्म्याला हात घातला.

"लवलेली दोरी टोकांना आत ओढते," काका म्हणाले. "म्हणजे आता मधल्या खांबाचा भार बाजूचे खांब सोसताहेत. जेवढी मदत शिल्लक होती ती वापरून झाली. ही उधारीवर उभी आहे. चादर म्हणजे तुमचा गणेशोत्सव. वर दर्शनाची गर्दी, खाली फुगड्या."

इतकं स्पष्ट मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. आणि तरी सांगते, एकालाही पटलं नाही. लोक खाली उतरताना म्हणत होते, काकांचा बांबूच कच्चा होता. पत्रिका छापून झाल्या होत्या, माझे खेळ बसले होते, आणि ज्या संकटाच्या छाताडावर आपण चार दिवस मजेत नाचलो ते संकट असूच कसं शकतं! बर्वे म्हणाले, विसर्जन झालं की बघू.

काका गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसले. मी लुगडं गोळा करायला काकूंना मदत करत होते. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "त्या गोदामातल्या लोकांना माहीत तरी नव्हतं. यांना सांगूनही..."

काकूंनी लुगडं पिळलं. "झालं तुमचं बोलून? मग मी जाऊन येते."

त्या बर्वे आजींकडे गेल्या, मी मागोमाग, कारण भोचकपणात मी कधी कमी पडले नाही. काकूंनी लाटण्याला नमस्कार केला. मग आजींच्या शेजारी बसून अगदी सहज विचारलं, "आजी, हे दर वेळी याच कोपऱ्यात जातं का हो?"

"याच. इंचभर इकडेतिकडे नाही."

"म्हणजे या जागी देवाला काहीतरी हवंय."

आजी सावध झाल्या. "काय हवंय?"

"मला काय कळतं? पण आपण एखाद्याची वस्तू घेतली की तो येऊन येऊन जागा दाखवतोच. इथे खाली पूर्वी काय होतं बरं?"

आजींनी तोंडावर हात ठेवला. कुमुदकाकू उठल्या आणि पोळी भाजायची राहिली म्हणून घरी गेल्या.

बर्वे बँकेतून परत आले तेव्हा दारातच आई उभी. "माधव, देवाचा खांब तोडलास तू. आत्ता परत बांध. तोवर या घरात चूल पेटणार नाही." अंधार पडायच्या आत हॉलमधे टेकूंचं जंगल उभं राहिलं आणि बर्वे मंडळी स्कूटरच्या बाजूला असलेल्या आमच्या घरी राहायला आली. लाटणंही आलं. आमच्या जमिनीवर ते मुळीच हललं नाही, तेव्हा आजींनी आमच्या घराबद्दल मनात काय समजायचं ते समजून घेतलं.

सगळ्यांत जास्त रागावले काका. "हे काय केलंस कुमुद? मी हिशेबानं सांगत होतो. तू अंधश्रद्धेनं जिंकलीस!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमचंच वाक्य आहे. एक वाट बंद झाली की भारानं दुसरी वाट धरली पाहिजे."

 काका खिशातून दुसरं पेन काढून उगाच पुसत बसले.

तिवारीजी स्क्रूचे जॅक घेऊन परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "निकलवाया भी हमसे, लगवा भी हमसे रहे हैं. मिठाई दोनों बार बनती है, साहब." काकांनी आधी तुळईच्या तळाचा नवा गिलावा काढायला लावला. मग मला हाक मारली. "वसुधा, ये. बघून ठेव."

टेकूंमधून वाकत मी गेले. खांबाच्या तुटक्या माथ्याशी, तुळईच्या खालच्या अंगाला केसासारख्या भेगा होत्या, एकीशेजारी एक. आणि त्या भेगांतून आरपार गेलेल्या सळया. तिवारीजींच्या म्हणण्याप्रमाणे ज्यांना तिथे काही काम नव्हतं त्या.

"हसतेय बघ," काका म्हणाले. "आठ्या घालायच्या जागी." त्यांनी बोटानं एका सळईवरची धूळ पुसली आणि म्हणाले, "शाबास."

मागे उभ्या असलेल्या बर्व्यांना वाटलं ते त्यांनाच म्हणाले. ते संकोचून म्हणाले, "सॉरी काका." काकांनी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. दोघांचीही सोय झाली.

त्या वर्षी गणपती रस्त्यावर शामियान्यात बसला. तंबूवाल्यानं शामियाना ठोकला आणि निघून गेला. आम्ही आत जाऊन बघतो तर बरोब्बर मधे, मूर्तीच्या समोर, तंबूचा बांबू! माझ्या फुगड्या त्याच्याभोवती झाल्या. बख्शी का तालाबची मंडळी थक्क झालीच, कारण दुसऱ्याच गिरकीला माझी वेणी बांबूत अडकली. काका बांबूच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. मी वेणी सोडवत असताना त्यांनी दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरून ठेवला होता. माझ्यासाठी नव्हे. बांबूसाठी.

पुढे खांब पहिल्यापेक्षा जाड झाला. फोटोत गणपतीचे दोन्ही कान गेले. कोणी एक शब्द बोललं नाही.

काकांना मी शेवटचं पाहिलं ते दशक सरताना. गुडघा मोडला होता, जिने होत नव्हते, आणि दोघं सांगलीला कायमचे निघाले होते. काकू खाली टॅक्सीत सामानाशी. काकांना वेताच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायचं होतं. चार पायांना चौघे उभे राहिले, श्रीवास्तवजी, आमचे हे आणि आणखी दोघे. खुर्ची उचलणार इतक्यात काका म्हणाले, "थांबा. पाचवा कुठाय?"

"काका, चौघं पुरे," आमचे हे म्हणाले.

"एक गेला तर?"

बर्वे पुढे आले. आता डोक्यावरचे केस विरळ झाले होते, आणि निघून गेलेल्या केसांबरोबर ती तडफही गेली होती. त्यांना धरायला खुर्चीचा पायच उरला नव्हता. ते खुर्चीच्या खाली दोन्ही तळवे धरून, कुठेही न टेकवता, वाकून चालू लागले. उलटे, पायरीपायरीनं, कोणालाही काही मदत न करता. वळणांवर लोक म्हणत, "बर्वे, तुम्ही बाजूला व्हा ना, अडचण होतेय." बर्वे झाले नाहीत. घामानं निथळले, चष्मा नाकावर घसरला, तो वर करायलाही त्यांनी हात काढला नाही. काका वरून त्यांच्या त्या रिकाम्या हातांकडे बारीक नजरेनं बघत होते, जाळीवर बसून सळया बघत तसे.

तळमजल्यावर हॉलच्या दाराशी खुर्ची टेकली. कोणाचाही पाय घसरला नव्हता.

"बघा," श्रीवास्तवजी धापा टाकत म्हणाले, "पाँचवें की तो ज़रूरत ही नहीं पड़ी."

काकांनी बर्व्यांकडे पाहिलं. बर्व्यांनी काकांकडे पाहिलं. मग दोघं असे हसू लागले की चौघांना वाटलं, आपली काही चेष्टा चालली आहे.